चिंगीची मोजणी

भुजंगआण्णा पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा त्यांनी आधी दार मोजलं आणि मग नमस्कार केला.

आम्ही त्या दिवशीच सोलापूरकडच्या वाशीत राहायला आलो होतो. लोखंडी कपाट दारात अडकलं होतं. दोन हमाल अर्धा तास त्याच्याशी झुंजत होते आणि मी मागं उभा राहून "जरा डावीकडं, आता जरा उजवीकडं" असं मार्गदर्शन करत होतो. तेवढ्यात शेजारच्या घरातनं पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ आले. खिशातनं पोलादी टेप काढली, दार मोजलं.

"कपाट किती हाय?" त्यांनी मला विचारलं.

"असेल अंदाजे तीन फूट," मी म्हणालो.

"अंदाजे म्हंजे खोटं," ते म्हणाले. मग त्यांनी कपाट तिन्ही बाजूंनी मोजलं आणि हमालांना सांगितलं, "कुशीवर घ्या. दीड इंच शिल्लक ऱ्हातंय." कपाट कुशीवर आत गेलं. दीड इंच शिल्लक राहिलं. मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, "नमस्कार. म्या भुजंग. मोजणीतला."

मोजणीतला म्हणजे मोजणी खात्यातला. आण्णा भूकरमापक म्हणून रिटायर झाले होते. तालुक्यातल्या निम्म्या भावाभावांची बांधाची भांडणं त्यांनी साखळी टाकून मिटवली आणि उरलेल्या निम्म्यांची लावून दिली, असं लोक सांगतात. नोकरी संपली तरी टेप काही खिशातनं गेली नाही. लग्नाच्या पंगतीत ते दोन पत्रावळींमधलं अंतर मोजतात. नवा पाहुणा आला की बोलता बोलता त्याची उंची काढतात. मी आयुष्यभर, अगदी लग्न ठरवतानासुद्धा, माझी उंची पाच फूट सहा इंच सांगत आलो होतो. आण्णांनी मला खांबाला टेकवून, माझ्या बायकोसमोर, पाच फूट चार असा निकाल दिला. "मला माहीत होतं," शैला म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

घरात आण्णा एकटेच. मुलगा पुण्यात. पत्नी आम्ही यायच्या आधीच गेलेली, त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत आणि आम्हीही कधी विचारलं नाही. सोबतीला आम्ही यायच्या आधीपासनंच एक मांजर होती. होती म्हणजे, ती नक्की कुणाची हा वादाचा विषय होता. सकाळचं दूध ती आमच्याकडं प्यायची, दुपारी आण्णांच्या बाजेवर झोपायची. आम्ही तिला चिंगी म्हणायचो, आण्णा चिंगाबाई म्हणायचे. आणि तिच्याशी अहोजाहो करायचे. तहसीलदाराला "ए बाबा" म्हणणारा हा माणूस मांजरीला "या, बसा, ऊन लई झालं का?" असं विचारायचा. ती कुणाची असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "मालकी गुरुजीची. वहिवाट माझी."

गुरुजी म्हणजे मी. मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळं गल्लीत कुणाला ताप आला, कुणाचा इन्व्हर्टर बंद पडला, की लोक मला विचारतात. मला त्यातलं काही कळत नाही, पण मी मान हलवतो आणि "बघावं लागेल" म्हणतो. रक्त तर मला बघवतच नाही. कॉलेजात बेडूक कापायच्या तासाला बेडकाच्या आधी मीच आडवा झालो होतो. ही गोष्ट मी अजून विद्यार्थ्यांना सांगितलेली नाही.

तर गेल्या वर्षी सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो आणि चिंगी मांडीवर पसरली होती. तिच्या पोटावरनं हात फिरवताना बोटाला काहीतरी लागलं. मागच्या पायांजवळ, कातडीखाली, हरभऱ्याएवढी गाठ. मी हात काढून घेतला. मग परत लावला. गाठ तिथंच होती.

"चरबीची असेल," मी शैलाला म्हणालो.

"डॉक्टरला दाखवा," शैला म्हणाली.

"बघावं लागेल," मी म्हणालो.

आता माझी एक पद्धत आहे. मी निर्णय घेत नाही, मी चौकशी करतो. मोबाइलवर तीन व्हिडिओ बघितले. तिसऱ्यात मांजराचं पोट फाडायला लागले तेव्हा मोबाइल उशीखाली ठेवला. शाळेतल्या पीटीच्या सरांना विचारलं, ते म्हणाले पळवा तिला. मेडिकलवाल्यानं हळदीचा लेप सांगितला. चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, ही लम्पी आहे, आमच्या गाईला झाली होती, लस दिली नव्हती का? हा माणूस कोण, कुठला, मला आजही ठाऊक नाही. कुणी सोनारीच्या भैरोबाला नवस बोलायला सांगितलं. मी सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, आभार मानले आणि घरी येऊन काहीच केलं नाही. शेवटी आपल्या डोक्यावरचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर टाकावा म्हणून आण्णांकडं गेलो.

आण्णांनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा जरा उतरला, पण लगेच त्यांच्यातला मोजणीवाला जागा झाला. "मोजल्याबिगर बोलायचं न्हाय," ते म्हणाले. "ह्या टेपचं काम न्हाय. बारीक काटा पायजे."

बारीक काटा माझ्याकडं होता. शाळेच्या प्रयोगशाळेतली व्हर्नियर कॅलिपर मी पिशवीत घालून आणली. मुख्याध्यापकांना विचारलं नाही, कारण मांजरीसाठी पाहिजे हे कुठल्या तोंडानं सांगणार? आण्णांनी चष्मा लावला, चिंगीला बाजेवर उताणी केली, "जरा माफी करा, चिंगाबाई," म्हणाले आणि मोजलं. तेरा मिलिमीटर. मग एक नवी वही उघडली आणि वळणदार अक्षरात लिहिलं: मौजे वाशी. मिळकत चिंगाबाई. चतुःसीमा, पूर्वेस पुढचे पाय, पश्चिमेस शेपूट, उत्तरेस पाठ, दक्षिणेस जमीन. गाठ एक, आकार गोल, तेरा मिलिमीटर. समक्ष पंच.

"सही करा," ते म्हणाले. "दर रविवारी मोजायचं. वाढ दिसली की दवाखाना. वाढ न्हाय, तर कापाकापी कशापायी?"

मला हे फार पटलं. मुळात ज्या गोष्टीनं निर्णय पुढच्या रविवारवर जातो ती मला पटतेच. मी सही केली. खरं तर मी गाठीकडं बघितलंच नव्हतं. मोजणी चालू असताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो. पण पंचांनी बघितलंच पाहिजे असं कुठं असतं? सही महत्त्वाची.

दुसऱ्या रविवारी आण्णांनी गाठीभोवती शिक्क्याच्या निळ्या शाईनं हद्द आखली. गाठ हद्दीबाहेर आली की अतिक्रमण ताबडतोब कळेल, असा विचार. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंगी दूध प्यायला आली आणि मी बघितलं तर तिची जीभ निळी. ऑक्सिजन कमी पडला की ओठ, जीभ निळी पडते हे मी स्वतः नववीला शिकवतो. मी शैलाला हाका मारत सुटलो. "ती चालली, शैला, ती चालली!" शैला आली. तिनं चिंगीला उचललं, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि निळा पदर मला दाखवला.

"शाई चाटलीय तिनं," ती म्हणाली. "विज्ञान शिकवता ना तुम्ही?"

आण्णांना सांगितलं तर त्यांना चिंगीची नाही, हद्दीची काळजी. "हद्द पुसली म्हंजे मोकळं रान झालं," ते म्हणाले. पण शैलानं डोळे वटारल्यावर शाई बंद झाली.

रविवार जात राहिले. तेरा. तेरा. तेरा. मी दर रविवारी कॅलेंडर बघायचो आणि सही करायचो. शैलानं दवाखान्याचा विषय काढला की मी छाती पुढं काढून सांगायचो, "वाढ नाही. लेखी नोंद आहे."

एका सकाळी शैला चिंगीच्या गोचिड्या काढत बसली होती. हात थांबवून म्हणाली, "अहो, हरभरा होता. आता सुपारी झालीय."

"तेरा मिलिमीटर," मी म्हणालो. "परवाच मोजलंय."

"हात लावा."

"नोंद बघ ना, आकडा..."

"नोंद नको. हात लावा."

मी हात लावला नाही. तिनं चिंगीला बाजाराच्या कापडी पिशवीत घातलं, तिचं डोकं तेवढं बाहेर ठेवलं आणि शेजारी गेली. "म्या कशाला?" असं आण्णा म्हणत होते. "मालकी तुमची हाय." शैलानं पिशवी त्यांच्या हातात दिली. "आण्णा, धरा," एवढंच म्हणाली. आण्णा आणि मी मोटारसायकलवरनं जनावरांच्या दवाखान्यात निघालो. वही माझ्या खिशात होती. खरं सांगतो, वही बघून डॉक्टर आपलं कौतुक करतील असं मला वाटत होतं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. आमच्या आधी एक बैल होता, त्याचा खूर बघून त्या आमच्याकडं वळल्या. चिंगीला टेबलावर घेऊन त्यांनी पोट चाचपलं, बराच वेळ चाचपलं.

"किती दिवस झाले?"

मी वही पुढं केली. त्या वाचत गेल्या. चतुःसीमेला जरा हसल्या. पुढची पानं उलटताना हसायच्या थांबल्या.

"मोजायला आहे का काही तुमच्याकडं?"

मी आण्णांकडं बघितलं. सात वर्षांत मी त्यांना टेपशिवाय बघितलं नव्हतं. आंघोळीलासुद्धा नेत असावेत.

"टेप घरी ऱ्हायली," आण्णा म्हणाले. ते दाराबाहेर बैलाकडं बघत होते.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरची पट्टी घेतली. "तीस," त्या म्हणाल्या. "एकतीसच. हे तेरा कुणी मोजलं?"

"म्या," आण्णा म्हणाले.

"आणि ही सही?"

"माझी," मी म्हणालो.

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. गाठ चांगली दिसत नाही. ठेवली तर फुटेल, जखम होईल, थोडे महिने जातील, आणि ते महिने वाईट जातील. काढली तर वर्ष-दोन वर्षं मिळू शकतात. पण अकरा वर्षांची मांजर आहे, भुलीतनं उठेल याची खात्री नाही. "आधी आणलं असतं तर सोपं होतं," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारपर्यंत काय ते सांगा. आणि मालकाची सही लागेल."

घरी येताना आण्णा मागं पिशवी छातीशी धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं दार उघडलंच नाही. चिंगी आतच होती. दूध प्यायलाही आली नाही.

"जा," शैला मला म्हणाली. "दोघांनी मिळून लिहिलंय, दोघांनी मिळून निस्तरा."

मी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आण्णा बाजेवर बसले होते, चिंगी त्यांच्या मांडीवर. मी समोर खाली बसलो. काय बोलावं सुचेना म्हणून शाळेत चोरी पकडल्यावर विचारतो तसं विचारलं, "आण्णा, असं का केलं?"

"पयलं चार रविवार खरं हाय, गुरुजी," ते म्हणाले. "पाचव्याला सोळा आलं. पेन उचाललं आन् तेराच लिवलं. फुडं मग तेच लिवीत गेलो."

ते चिंगीच्या कानामागं खाजवत होते.

"कारभारणीला सोलापूरच्या दवाखान्यातनं घरी आणली तवा डॉक्टर म्हणला, दर रविवारी वजन करा, लिवून ठिवा. आडतीवर मोठा काटा हुता, तिथं न्यायचो तिला. एक्केचाळीस. चाळीस. साडेअडतीस. पावशेराचा फरक बी सोडला न्हाय म्या. ती शिकल्याली हुती, सातवीपत्तोर. घरी आली की वही उघडून बघायची. आकडा खाली आला, की ताट सारायची. म्हणायची, आता खाऊन काय करायचं? तिच्या ताटातलं मग ह्या चिंगाबाई खायच्या. लहान हुत्या तवा."

त्यांनी चिंगीला मांडीवर नीट घेतलं. मला वाटलं संपलं. पण त्यांना अजून बोलायचं होतं.

"एका रविवारी जरी म्या चाळीसाचं एक्केचाळीस केलं असतं, गुरुजी, तर दोन घास ज्यादा गेलं असतं तिच्या पोटात. माझ्या हातात हुतं ते. पर मला लई घमेंड. भुजंगची नोंद म्हंजे नोंद. खरं लिवीत बसलो, आन् ती उपाशी झोपत गेली. म्हणून ह्या वक्ताला म्हणलं, न्हाय लिवायचं. तर ह्या वक्ताला लिवायला पायजे हुतं."

मला रडू आलं. आण्णांचं वाईट वाटलं म्हणून आलं आणि स्वतःची लाज वाटली म्हणूनही आलं. त्यांनी निदान एकतीसपर्यंत प्रत्येक आकडा डोळ्यांनी बघितला होता आणि एकट्यानं पोटात ठेवला होता. मी शेजारी उभा राहून महिना कोणता चाललाय ते बघत होतो. एकदा मान वळवली असती तर तेव्हाच, सोळालाच, दवाखाना झाला असता.

"आण्णा, खोटं तुम्ही एकट्यानं लिहिलं नाही," मी म्हणालो.

"ते जाऊ द्या. आता सांगा, काय करायचं? म्या व्हय म्हणलो आन् टेबलावरच गेली तर? मला न्हाय सांगता यायचं."

मी सवयीनं "बघावं लागेल" म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्यांच्याकडं बघितलं आणि ते निघेना. "काढून टाकू," मी म्हणालो. माझा आवाज नववीतल्या पोराला वर्गात उभं केल्यासारखा आला. "सही मी करतो. काही झालं तर माझ्यामुळं झालं म्हणा." त्या क्षणी मला इतकी भीती वाटत होती की मी उठून लगेच, चप्पल उलटसुलट घालून, दवाखान्यात गेलो. विचार केला असता तर परत फिरलो असतो.

ऑपरेशन दोन दिवसांनी सकाळी झालं. नेमका मदतनीस आला नव्हता, पाय धरायला माणूस पाहिजे होता. आण्णा बाहेरच्या बाकावरनं उठेनात, म्हणून मी आत गेलो. आज सगळं बघायचं असं ठरवलं होतं. पहिला चिरा बघितला. पुढचं फरशीवर बसून ऐकलं, पण पाय काही मी सोडला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की फरशीवरनंही चांगला धरला होता.

चिंगी भुलीतनं उठली. उठायला वेळ लावला, पण उठली. डॉक्टरीणबाई हात धुऊन बाहेर आल्या आणि आम्हा दोघांना म्हणाल्या, "गाठ काढलीय. पण मुळाशी चिकटलेली होती, सगळी निघाली असं मी सांगू शकत नाही. तीन महिन्यांनी परत बघू. आता तिनं खायला पाहिजे. खाल्लं तरच भरून येईल." आण्णांनी मान हलवली.

चिंगी खाईना. टाके पडलेलं पोट घेऊन ती आण्णांच्या बाजेखाली जाऊन बसली. शैलानं अंडं उकडून दिलं, दूध दिलं, मेडिकलवाल्यानं सांगितलेलं पातळ औषध दिलं. तिनं तोंड फिरवलं. एक दिवस गेला, दुसराही गेला. शाळेत माझं लक्ष लागेना. मी एका वर्गाला एकच धडा दोनदा शिकवला आणि पोरांनीही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी मी शेजारी डोकावलो. आण्णा जमिनीवर पालथे झाले होते, डोकं बाजेखाली. वाटीत दुधात भाकरी कुस्करलेली होती. बोटावर चिमूटभर घेऊन ते हात आत धरून होते. मी आलोय हे त्यांना कळलं नव्हतं.

"दोन घास खावा, चिंगाबाई," ते सांगत होते. "डॉक्टरीणबाई काय म्हणल्या ठावं हाय का? समदं निघालं म्हणल्या. मुळासकट. आता काय बी ऱ्हायलं न्हाय म्हणल्या. मग खायला काय हरकत हाय? खावा."

मग त्यांना माझे पाय दिसले. त्यांनी मान वळवून वर बघितलं. डोळे लाल होते, बोट अजून बाजेखालीच होतं.

मी चप्पल काढून त्यांच्या शेजारी जमिनीवर पालथा झालो. शाळेची इस्त्रीची पँट होती, ती धुळीत गेली. बाजेखाली अंधारात चिंगीचे दोन डोळे दिसत होते.

"व्हय," मी तिला म्हणालो. "असंच म्हणाल्या."

ती थोडा वेळ आमच्याकडं बघत राहिली. मग पुढं सरकली आणि आण्णांचं बोट चाटायला लागली.